दोन वह्या आणि एक शिडी



ज्यांच्या स्मरणार्थ या वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींकडे मी भूगोल शिकलो. फळ्यावर जगाचा नकाशा लावला की त्यांची छडी आधी पाण्यावर टेकायची. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा बाप, काका नाहीतर आजा कुठल्या ना कुठल्या आगबोटीवर होता, हे त्यांना ठाऊक होतं. एडन कुठे, सुएझ कुठे, लिव्हरपूल कुठे, हे ते आम्हाला घरचा पत्ता सांगावा तसं सांगायचे. पुढे मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरी धरली आणि आयुष्यातली तीस वर्षं पाण्याच्या रेषेखाली काढली, त्याचं बीज त्या छडीच्या टोकाशी आहे.

आजचा विषय एका जर्मन पाणबुडीचा आहे. तिला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता: यू-559. विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यानं मला सरळ विचारलं, "शत्रूच्या पाणबुडीवर स्मृतिव्याख्यान कशाला?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मी घरापासून सुरू करतो.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ आगबोटीवर आगवाला होता. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून भट्टीत कोळसा लोटणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्याचं जहाज बुडालं. घरी एक कागद आला, आजीनं तो देवघराच्या फळीवर ठेवला आणि मरेपर्यंत काढू दिला नाही. जहाज कुठे बुडालं, कुणी बुडवलं, तो त्या वेळी खाली भट्टीशी होता की वर होता, यातलं काहीच त्या कागदात नव्हतं. मी इंजिनरूममध्ये उतरायला लागलो तेव्हा मला समजलं की टॉर्पेडो लागल्यावर सगळ्यात खालच्या माणसाला वर यायला किती पायऱ्या असतात. तेव्हापासून मी पाणबुड्यांविषयी वाचत आलो. आधी रागानं वाचत होतो, पण यू-559 पाशी आलो आणि त्या रागाचं काय करायचं तेच मला कळेना. म्हणून ती गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो.

ही पाणबुडी हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीत बांधली गेली. 1941 च्या जानेवारीत ती पाण्यात उतरली आणि 27 फेब्रुवारीला नौदलात दाखल झाली. सातव्या प्रकारातली 'सी' जातीची ही बोट. या जातीच्या साडेपाचशेहून अधिक बोटी जर्मनीनं बांधल्या. लांबी 67 मीटर, म्हणजे आपल्या सहा एस.टी. एकामागे एक उभ्या केल्या तर भरेल तेवढी. पण माणसं ज्या पोलादी नळीत राहायची तिचा व्यास जेमतेम पावणेपाच मीटर. त्या नळीत दोन डिझेल इंजिनं, दोन विजेच्या मोटारी, टनावारी बॅटऱ्या, चौदा टॉर्पेडो आणि चाळीस-पन्नास माणसं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळची पाणबुडी सदासर्वकाळ पाण्याखाली राहणारी नव्हती. ती मुळात पाण्यावरून चालणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी बोट होती. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते पाण्यावरच चालायचं. खाली गेलं की सगळा भार बॅटरीवर. अगदी सावकाश, ताशी चार नॉट वेगानं गेलं तरी बॅटरी ऐंशी सागरी मैलांत संपायची. मग वर येऊन इंजिन चालवायचं, बॅटरी भरायची, हवा घ्यायची. म्हणजे पाणबुडीला मारायचं तर तिला फोडायलाच हवं असं नाही. तिला वर येऊ दिलं नाही, तरी पुरतं.

या बोटीचा कप्तान हान्स हाइटमान. शेवटपर्यंत तोच राहिला. 19 ऑगस्ट 1941 ला अटलांटिकमध्ये एका ताफ्यातलं 'अल्वा' नावाचं छोटं ब्रिटिश मालवाहू जहाज तिनं बुडवलं. त्यानंतर तिला भूमध्य समुद्रात जाण्याचा हुकूम आला. उत्तर आफ्रिकेत जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेला रसद इटलीतून समुद्रमार्गे जायची आणि ब्रिटिश ती बुडवत होते. म्हणून अटलांटिकमधून काढलेल्या पहिल्या सहा बोटी जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून आत पाठवल्या. त्यांत यू-559 होती.

जिब्राल्टरला वरचं पाणी अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे वाहतं. आत जाताना हा प्रवाह पाणबुडीला ढकलत नेतो. बाहेर पडायचं तर पाण्याखालून त्याच्या उलट जावं लागतं आणि बॅटरी तेवढी पुरत नाही. वर यावं तर ब्रिटिश तळ डोक्यावर. युद्धभरात 62 जर्मन पाणबुड्या या दारातून आत गेल्या आणि त्यांतली एकही परत आली नाही. अशी बोट आत गेली त्या दिवशीच तिच्या परतीच्या वाटेला कुलूप लागलं होतं. आतल्या पोरांना हे किती कळलं होतं, देव जाणे.

आत तिचं काम होतं तोब्रुकच्या वाटेवर दबा धरून बसणं. लिबियाच्या किनाऱ्यावरचं हे बंदर 1941 मध्ये महिनोन् महिने वेढ्यात होतं. आतल्या फौजेला दारूगोळा, अन्न, औषध सगळं अलेक्झांड्रियाहून समुद्रानं जायचं. 27 नोव्हेंबर 1941 च्या पहाटेआधी 'परामॅटा' ही ऑस्ट्रेलियन नौदलाची छोटी युद्धनौका दारूगोळ्याचं जहाज घेऊन तोब्रुककडे चालली होती. यू-559 नं तिला टॉर्पेडो मारला आणि परामॅटाच्या पोटातलं कोठार उडालं. 138 माणसं गेली आणि 24 वाचली. त्यांतले तिघे पोहत किनाऱ्याला लागले.

आता मी ज्या घटनेपाशी थांबणार आहे ती त्यानंतर महिन्याच्या आतली आहे. 23 डिसेंबर 1941, नाताळच्या दोन दिवस आधी. 'शुंटियन' हे ब्रिटिश जहाज तोब्रुकहून अलेक्झांड्रियाकडे निघालं होतं. त्यात वाळवंटातल्या लढाईत पकडलेले जर्मन आणि इटालियन कैदी होते. त्यांचा आकडा आठशेपासून हजाराच्या पुढेपर्यंत दिला जातो. हाइटमानला पेरिस्कोपमधून दिसलं ते एक शत्रूचं जहाज. जहाज बाहेरून पोटातली माणसं दाखवत नाही. टॉर्पेडो सुटला, शुंटियन काही मिनिटांत बुडालं आणि तळात ठेवलेले ते कैदी बहुतेक सगळे बुडाले. आपल्याच पाणबुडीनं आपलीच माणसं मारली.

थोडे पाण्यात तरंगत राहिले होते. 'साल्व्हिया' नावाच्या ब्रिटिश गस्ती नौकेनं थांबून सुमारे शंभर जणांना वर ओढलं. पाणबुडी आसपास आहे हे ठाऊक असताना थांबणं म्हणजे स्वतःला निशाण्यावर उभं करणं. तरी ती थांबली आणि शत्रूच्या कैद्यांना तिनं वर घेतलं. दुसऱ्या दिवशी, 24 डिसेंबरच्या पहाटे, यू-568 या दुसऱ्या पाणबुडीनं साल्व्हियालाही टॉर्पेडो मारला. सांडलेल्या तेलानं पेट घेतला. वाचवणारे आणि वाचलेले, त्यांतला एकही उरला नाही. 'हेथ्रॉप' नावाच्या दुसऱ्या नौकेनं उचललेले मूठभर तेवढे राहिले.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या मनातला राग ज्याच्याकडे बोट दाखवायचा, त्याच्याच एखाद्या देशबंधूची आई जर्मनीत कुठेतरी नाताळचा दिवा लावून बसली असेल. तिलाही पुढे कागद आला असेल आणि त्यातही काही लिहिलेलं नसेल. हे काही एकाच बाजूनं घडलं असंही नाही. ऑगस्ट 1942 मध्ये 'नीनो बिक्सिओ' या इटालियन जहाजातून मित्रराष्ट्रांचे कैदी नेले जात होते. त्याला ब्रिटिश पाणबुडीचे टॉर्पेडो लागले आणि कैद्यांपैकी तीनशेहून अधिक मेले. टॉर्पेडो सोडणाऱ्याला झेंडा दिसतो. पाण्यात पडलेल्या माणसाला फक्त पाणी दिसतं.

पुढच्या काळात यू-559 नं 'वॉर्सावा' हे पोलिश जहाज आणि जून 1942 मध्ये 'अथेने' हे नॉर्वेजियन तेलवाहू जहाज बुडवलं. हिशेबाच्या वहीत तिच्या नावावर चार व्यापारी जहाजं, मिळून 11,811 टन, आणि एक युद्धनौका. याच वाटेवरच्या तोब्रुकचा आपल्याशीही संबंध आहे. 21 जून 1942 ला तोब्रुक रोमेलच्या हाती पडलं. त्या वेळी तटबंदीच्या आत जी 11वी हिंदी ब्रिगेड होती, तिच्यात पाचव्या मराठा पलटणीची दुसरी बटालियन होती. साताऱ्या-रत्नागिरीकडची पोरं त्या वाळूत लढली आणि युद्धकैदी झाली. ज्या पाण्यात यू-559 दबा धरून असायची, त्याच पाण्यावरून त्यांची रसद आली होती.

आता 30 ऑक्टोबर 1942. जमिनीवर अल अलामीनची मोठी लढाई सुरू होऊन आठवडा झालेला. पोर्ट सैदच्या उत्तरेला, नाईलच्या मुखापासून सुमारे सत्तर सागरी मैलांवर, एका सुंदरलँड विमानाला रडारवर पाणबुडीचा ठिपका दिसला. बातमी मिळताच ब्रिटिश विनाशिका धावल्या: 'पेटार्ड', 'पाकेनहॅम', 'हीरो', 'डल्व्हर्टन' आणि 'हरवर्थ'. एक विमानही मदतीला होतं. दिवस उलटून रात्र होईपर्यंत पाठलाग चालला. वरून डेप्थ चार्ज टाकायचे, ते ठराविक खोलीवर फुटायचे, मग सगळं शांत करून आवाजाच्या लहरींनी खालचा ठाव घ्यायचा, पुन्हा डेप्थ चार्ज.

खाली काय झालं असेल, ते मी इंजिनरूमच्या माणसाच्या नजरेनं सांगू शकतो. प्रत्येक स्फोटाबरोबर सांध्यांचे नट ढिले होतात, झडपांतून पाणी झिरपतं, दिवे फुटतात. बॅटरी उतरत जाते. श्वासातून सुटलेली हवा पुन्हा श्वासात येते, डोकं जड होतं. पंप लावावा तर आवाज होतो, न लावावा तर पाणी चढतं. रात्री 10 वाजून 40 मिनिटांनी हाइटमानला वर यावंच लागलं. वर सर्चलाइटचा पांढरा झोत आणि तोफा तयार होत्या. गोळे सुटले. जर्मन खलाशी पाण्यात उड्या टाकू लागले. एरवी अशा वेळी गुप्त कागदांची विल्हेवाट लावायची असते. त्या रात्रीच्या गोंधळात ते राहून गेलं. बोट रिकामी होत होती, सावकाश बुडत होती, पण अजून तरंगत होती.

पेटार्डवरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी लेफ्टनंट अँथनी फॅसन, स्कॉटलंडचा. खलाशी कॉलिन ग्रेझियर, इंग्लंडच्या मध्यभागातल्या टॅमवर्थजवळचा. हे दोघे त्या बुडत्या बोटीवर पोचले आणि मनोऱ्यातल्या झाकणातून आत उतरले. त्यांच्या मागून गेला टॉमी ब्राउन. तो सैनिक नव्हताच. तो होता जहाजावरच्या कॅंटीनचा पोऱ्या. चहा, सिगारेट, साबण, चॉकलेट विकणं हे त्याचं काम. नॉर्थ शील्ड्स या बंदरगावातल्या मोठ्या खटल्याच्या घरचा हा मुलगा, वय जास्त सांगून जहाजावर आला होता. त्या रात्री तो सोळा वर्षांचा होता.

पुढे चौकशीत त्यानं जी हकिगत सांगितली तिच्यावरून आतलं चित्र उभं राहतं. आतले दिवे गेलेले होते आणि फॅसनच्या हातात विजेरी होती. मनोऱ्याच्या पुढच्या बाजूला भोक पडलं होतं, त्यातून पाणी आत येत होतं. शिडी उतरताना ते पाणी पाठीवर कोसळत होतं. खाली कप्तानाच्या खोलीत फॅसन मशीनगनच्या दस्त्यानं कपाटं फोडत होता. मग दाराआड अडकवलेल्या किल्ल्या त्याला दिसल्या. त्या लावून त्यानं एक खण उघडला, आतल्या गुप्त वह्या काढल्या आणि ब्राउनच्या हातात दिल्या.

या किल्ल्यांपाशी मी थांबतो. आपल्या घरातही किल्ल्या दाराआड खिळ्याला असतात. कुणीतरी जर्मन अधिकाऱ्यानं सकाळी त्या तिथे अडकवल्या असतील, रोजच्यासारख्या. युद्धाच्या सगळ्या प्रचंड यंत्रणेतून त्या रात्री त्या अंधारात जे कामाला आलं, ते खिळ्यावरचं एक किल्ल्यांचं जुडगं होतं.

त्या वह्या म्हणजे नाजूक चीज. जर्मन नौदल त्यांची शाई मुद्दाम पाण्यात विरघळणारी ठेवायचं, म्हणजे बोट बुडाली की अक्षरं आपोआप पुसली जावीत. पाणी चढत असलेल्या बोटीतून, पाणी कोसळत असलेल्या शिडीवरून, या वह्या कोरड्या वर आणायच्या होत्या. एक हात शिडीला, एक हात वह्यांना. शिडी चढताना दोन्ही हात लागतात, हे मी अनुभवानं सांगतो. इंजिनरूमच्या सरळ उभ्या शिडीवर एका हातात नुसती लॉगबुक असली तरी माणूस डगमगतो. ब्राउन असा तीनदा वर-खाली गेला. वर उभ्या असलेल्या होडीतल्या लोकांकडे त्यानं सगळं सुखरूप पोचवलं.

मग वरून हाका सुरू झाल्या, बाहेर पडा. ब्राउननं शिडीच्या तोंडाशी वाकून खाली हाक दिली. आधी ग्रेझियर शिडीच्या पायथ्याशी दिसला, मग फॅसन. ब्राउननं त्यांना वर येण्यासाठी दोनदा ओरडून सांगितलं. ते दोघे चढायला लागले इतक्यात बोट एकदम खाली गेली. ब्राउन पाण्यातून वर आला. फॅसन आणि ग्रेझियर आले नाहीत. बोटीवरच्या जर्मनांपैकी सात जण मेले. हाइटमानसह बाकीचे कैद झाले.

आता त्या वह्यांत काय होतं, ते बघू. जर्मन नौदल निरोप पाठवायला एनिग्मा नावाचं यंत्र वापरायचं. टंकलेखन यंत्रासारखं, पण 'क' दाबला की भलतंच अक्षर उजळतं आणि आतली चाकं फिरत असल्यामुळे पुन्हा 'क' दाबला तर तिसरंच. ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्क इथल्या गणितज्ञांनी तीन चाकांच्या यंत्राचं गूढ उकलायची रीत बसवली होती. 1 फेब्रुवारी 1942 पासून अटलांटिकमधल्या पाणबुड्यांच्या यंत्रात चौथं चाक आलं. चौथ्या चाकाच्या 26 जागा, म्हणजे तपासायच्या शक्यता 26 पट. ब्लेचलीच्या यंत्रांना ते झेपेना. दहा महिने पाणबुड्यांचे निरोप मुके झाले. त्याच वर्षात अटलांटिकमध्ये जहाजं फार मोठ्या संख्येनं बुडत होती.

यू-559 मधून वर आलेल्या दोन वह्या महत्त्वाच्या ठरल्या. एक छोट्या निरोपांची आणि दुसरी हवामान थोडक्यात कळवण्याची. पाणबुडी समुद्रात कुठे आहे, वारा कसा, तापमान किती, वायुभार किती, हे सगळं दुसऱ्या वहीतल्या खुणांनी मोजक्या अक्षरांत बसवायचं आणि मग एनिग्मातून पाठवायचं. किनाऱ्यावरच्या हवामान खात्याकडे मात्र तीन चाकांचंच यंत्र. म्हणून हवामानाचा निरोप पाठवताना पाणबुड्या चौथं चाक निष्क्रिय जागेवर ठेवायच्या. म्हणजे त्या निरोपांपुरतं कुलूप जुन्याइतकंच साधं होतं. शिवाय जर्मन हवामान खातं तीच माहिती दुसऱ्या संकेतात पुन्हा प्रसारित करायचं आणि तो संकेत ब्रिटिशांना वाचता येत होता. गणिताचं उत्तर आधी माहीत असलं की ते उलटं सोडवता येतं. हाती नव्हती ती हवामानाची नवी वहीच. ती आली की उत्तर आणि गणित जुळणार होतं.

वह्या 24 नोव्हेंबर 1942 ला ब्लेचलीला पोचल्या. 13 डिसेंबरला तिथल्या लोकांनी पाणबुड्यांचे निरोप पुन्हा वाचायला सुरुवात केली. त्याच दिवशी पंधराहून अधिक पाणबुड्यांच्या जागा नौदलाला कळवल्या गेल्या. ताफे आता दबा धरून बसलेल्या पाणबुड्यांना वळसा घालून नेता येऊ लागले. अटलांटिकची लढाई या दोन वह्यांनीच जिंकली, असं म्हणणं खरं होणार नाही. लांब पल्ल्याची विमानं, नवे रडार, ताफ्यांचे तरबेज रक्षक, अमेरिकी गोद्यांतून निघणारी नवी जहाजं, सगळ्यांचा त्यात वाटा होता. 1943 चा मार्चही ताफ्यांना फार वाईट गेला. पण मे 1943 मध्ये एका महिन्यात चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्यावर जर्मन नौदलप्रमुख डेनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. त्या वळणापर्यंत जे रस्ते आले, त्यांतला एक त्या शिडीवरून येतो.

त्या तिघांना यातलं काही ठाऊक नव्हतं. वह्यांत काय आहे, हे फॅसनला नेमकं कळलं नव्हतं. ग्रेझियरला तर नाहीच. आणि ब्राउन हा चहा विकणारा मुलगा! त्यांना एवढंच ठाऊक होतं की या वस्तू वर गेल्या पाहिजेत. पुढेही कुणाला सांगता येत नव्हतं. वह्या हाती लागल्याचं कळलं असतं तर जर्मनांनी लगेच संकेत बदलले असते. फॅसन आणि ग्रेझियर यांना सप्टेंबर 1943 मध्ये जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. आपले यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांना मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूच्या तोंडावर दाखवलेल्या शौर्यासाठी असतो. इथे शत्रू बोट सोडून गेला होता, म्हणून हा दुसरा सन्मान. त्यांच्या घरच्यांना मुलगा बुडत्या पाणबुडीत गेला एवढं कळलं. त्यानं काय वर पाठवलं, ते नाही. ब्लेचलीचं गुपित 1974 मध्ये उघड झालं, तोवर तीस वर्षं उलटून गेली होती.

टॉमी ब्राउनला जॉर्ज मेडल जाहीर झालं. आणि मग त्याचं खरं वय उघडकीला आलं आणि त्याला जहाजावरून उतरवलं. पुढे तो पुन्हा समुद्रावर गेला. 1945 च्या फेब्रुवारीत रजेवर घरी आला असताना रात्री घराला आग लागली. तो आपल्या लहान बहिणीला काढायला आत गेला. दोघंही गेले.  मेडल त्याच्या घरच्यांच्या हाती आलं. जळत्या घरात शिरलेला मुलगा आणि बुडत्या बोटीत उतरलेला मुलगा, दोन्ही एकच. कुणी आत असेल तर आपण आत जायचं, हे त्याला कुणी शिकवलं असेल, तर ते त्याच्या आईनं.

पेटार्डची गोष्ट आपल्या समुद्रापर्यंत येते. फेब्रुवारी 1944 मध्ये मोंबासाहून कोलंबोला निघालेल्या ताफ्यातलं 'खेदिव इस्माईल' हे जहाज मालदीवजवळ जपानी पाणबुडी आय-27 नं बुडवलं. बाराशेहून अधिक माणसं, त्यांत आफ्रिकी सैनिक आणि परिचारिका, गेली. ज्या विनाशिकांनी ती पाणबुडी संपवली, त्यांत हीच पेटार्ड होती.

तर मंडळी, शत्रूच्या पाणबुडीवर स्मृतिव्याख्यान कशाला, या प्रश्नाचं उत्तर आता देतो. यू-559 चा हिशेब टनांत लिहिला तर पाच जहाजं आणि एक बुडालेली बोट, इतकाच होतो. पण ती बोट खऱ्या अर्थानं कळते ती परामॅटाच्या 138 जणांनी, शुंटियनच्या तळातल्या कैद्यांनी, साल्व्हियाच्या त्या निर्णयानं, सात बुडालेल्या जर्मनांनी आणि शिडीवरच्या तिघांनी. युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावानं लिहिला जातो. तो खरंच घडतो तो अशा माणसांच्या हातांनी, ज्यांना आपल्या कामाचा अर्थ शेवटपर्यंत कळत नाही. ज्यांना अर्थ कळला नाही, त्यांची नावं तरी आपण लिहून ठेवली पाहिजेत. कारण अर्थ कळायला तीस वर्षं लागतात. नावच गेलं, तर अर्थ सापडूनही तो कुणाला लावायचा?

जगानं हे आपापल्या परीनं केलं आहे. जर्मनीत कीलजवळ मोल्टेनोर्टला पाणबुड्यांवरच्या माणसांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या तीस हजारांहून अधिक जर्मन नाविकांची नावं तिथे आहेत, कारण जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चार माणसांपैकी तीन परत आली नाहीत. टॅमवर्थच्या चौकात फॅसन, ग्रेझियर आणि ब्राउन यांच्यासाठी तीन नांगर उभे केले आहेत, एकेका माणसाचा एकेक नांगर. आणि आपल्या मुंबईत, मशीद बंदरच्या बाजूला, नाविकगृहात दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना कुठेच थडगं नाही अशा हजारो हिंदी खलाशांच्या नावांचं पुस्तक आहे.

मी नोकरीवरून निवृत्त झालो त्या वर्षी ते पुस्तक बघायला गेलो. पानं उलटत होतो, नावं वाचत होतो. आगवाले, सारंग, टंडेल, भंडारी. आमच्या गावचं आडनाव दिसलं की थांबायचो. बाहेर पडलो तेव्हा आजीच्या फळीवरचा कागद माझ्या खिशात होता आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तो मी नीट घडी करून ठेवला.

म्हणून गुरुजींच्या स्मरणार्थ माझी या वाचनालयाला एक विनंती आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतून त्या युद्धात आगबोटींवर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची एक वही करा. नाव, गाव, जहाज ठाऊक असेल तर जहाज, घरी आलेल्या कागदातला मजकूर. जी म्हातारी माणसं अजून आहेत त्यांच्याकडे जा, त्यांच्या फळीवरचे कागद बघा, आणि हे काम यंदाच्या पावसाळ्यातच करा. उद्यावर टाकू नका. पहिलं नाव मी देतो, आजीच्या भावाचं. त्याच्या नावापुढच्या जहाजाच्या रकान्यात मला काही लिहिता येणार नाही. पण त्याला हाक मारणारा कुणीतरी शिडीच्या तोंडाशी उभा आहे, एवढं त्या पानावरून कळेल.